मागची गार खोली

‘थंडी काय, सगळीकडेच आहे’ असं कोणी म्हटलं की बकुळाचं डोकं फिरायचं.

डिसेंबर लागला की तिच्या मुलीचे, मैत्रेयीचे, पुण्याहून मेसेज सुरू व्हायचे. आज बदलापुरात बारा, अंबरनाथला तेरा, खाली स्वेटर घातलेल्या मांजराचा फोटो. मुंबईकडच्या लोकांना त्या आकड्यांचं भारी कौतुक. बकुळा मोबाइल उलटा करून ठेवायची. अंबरनाथच्याच मोरिवलीतल्या तिच्या मागच्या खोलीत किती आहे, ते कोणीच कळवत नव्हतं. त्या खोलीत तिचा नवरा भगवान उशाशी तीन उशा लावून अर्धवट बसून झोपायचा, आणि पहाटे चारच्या सुमाराला त्याच्या छातीतून शिट्टी वाजायला लागायची. मग बकुळा उठायची, दम्याचा पंप त्याच्या हातात द्यायची, पाठीवरून हात फिरवायची. पाठ गरम, पाय बर्फ. पायमोज्यांचे दोन जोड घातले तरी बर्फच.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. हरिचंद्र करमाळ्याकडून कारखान्यात कामाला आले, मोरिवलीत जागा धरली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून चार खोल्या उभ्या केल्या. त्यांच्यामागे घराचे उभे दोन भाग पडले. डावीकडच्या दोन खोल्या थोरल्या भगवानच्या, उजवीकडच्या धाकट्या राजेंद्रच्या. पुढच्या खोलीत बकुळाचा ओटा, बसाउठायची जागा आणि गल्लीत उघडणारं दार. मागच्या खोलीत दोघांचं झोपणं, कपाट आणि बकुळाचं शिलाई मशीन. मोरी बाहेर, मागच्या दाराशी. पुढे कौलं होती. मागच्या खोलीवर मात्र सिमेंटचे पत्रे, कारण तिथपर्यंत येईतो सासऱ्यांचा हात आखडला होता.

पूर्वी ती खोली एवढी वाईट नव्हती. मागे मोकळं मैदान होतं, हिवाळ्यात दुपारचं ऊन थेट कॉटवर यायचं. तीन वर्षांपूर्वी मैदानात बारा मजली बिल्डिंग उभी राहिली आणि ऊन गेलं. बिल्डिंगवाल्यांशी भांडायला बकुळा एकदा गेली होती. वॉचमनने तिला फ्लॅट बघायला आलेली समजून माहितीपत्रक दिलं. त्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, ‘भरपूर सूर्यप्रकाश’. घरी येईपर्यंत तिने त्याचे बारीक बारीक तुकडे केले होते.

अशी होती बकुळा. उल्हासनगरात पाच नंबर कॅम्पला जीन्सच्या शिलाईवर तिने एकोणीस वर्षं काढली होती. दिवसाला शंभर-शंभर पँटींची शिवण मारायची आणि एखादी तिरकी गेली तर उसवून परत मारायची, सुपरवायझरने बघितलेली नसली तरी. जीन्स धुण्याचे कारखाने बंद पडले तसं शिलाईचं कामही सुटलं, पण सवय सुटली नाही. चुकलेली गोष्ट नजरेसमोर पडून राहिली की तिला खाज सुटल्यासारखं व्हायचं. आणि तिच्या पदरात नवरा पडला तो नेमका उलटा. कंपनीत पॅकिंगला तीस वर्षं काढली, दमा घेऊन घरी बसला, पण भगवानच्या तोंडून कधी तक्रारीचा शब्द निघाला नाही. “असू दे गं,” हे त्याचं उत्तर. भाजीत मीठ नसलं तरी असू दे, आणि छाती भरून आली तरी असू दे.

“काय असू दे?” बकुळा एकदा ओरडलीच. “तुम्ही ‘असू दे’ म्हणता आणि ते असतंच मग! जात नाही कुठे!”

भगवान हसला, आणि हसण्यानेच त्याला खोकला लागला.

यंदाच्या डिसेंबरात तिने ठरवलं, हा हिवाळा असा काढायचा नाही.

पहिलं तिने हीटर आणला. उल्हासनगरला जुन्या ओळखीच्या सिंधी शेठकडे गेली. शेठ म्हणाला, “बहनजी, दो रॉडवाला ले जाओ. कमरा एकदम भट्टी बन जाएगा.” खोक्यावर फरच्या टोपीतली गोरी बाई हात शेकत बसली होती. बकुळाने तो खोका रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणला, हीटर कॉटपासून चार हात लांब ठेवला आणि बटण दाबलं. दोन्ही रॉड हळूहळू लाल झाले. भगवानने पाय पुढे केले.

“अरे वा,” तो म्हणाला.

तेवढ्यात फट्‌ आवाज झाला आणि सगळ्या घरात अंधार.

मीटर एकच होता, अजून सासऱ्यांच्याच नावावर. वेगळा मीटर घ्यायचं दोन वेळा निघालं होतं आणि दोन्ही वेळा राजेंद्रने थांबवलं होतं. भिंतीपलीकडून त्याचाच आवाज आला, “वहिनी! काय लावलंत? माझी मीटिंग चालू आहे!” राजेंद्र विमा कंपनीच्या ऑफिसात होता, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायचा. तो दारात येऊन उभा राहिला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा, कानाला मायक्रोफोनवाला हेडफोन.

“हीटर लावलाय भावजी. ह्यांना पहाटेचा त्रास होतो.”

“अहो, ही वायरिंग आबांनी घर बांधलं तेव्हाची. तिच्यावर हीटर? आग लागेल, आग!”

“मग वायरिंग बदलू या. मीही म्हणतेच आहे.”

राजेंद्रने डोळे मिटून घेतले. लहान मुलाला दहाव्यांदा समजावताना घेतात तसे. “वहिनी, आता या घरावर काय खर्च करायचा? बिल्डरचं एग्रीमेंट होणारच आहे. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न. मग सातव्या मजल्यावर फ्लॅट. ऊन काय, वारा काय, लिफ्ट काय. दादाची खोली मी स्वतः पूर्वेची मागून घेणार आहे.”

हे दोन-तीन महिने गेली सात वर्षं चालले होते. कधी सातबाऱ्यावरचं एक नाव अडायचं, कधी रस्त्याची रुंदी अडायची, कधी बिल्डरच बदलायचा. तेवढ्या काळात घराला कोणी चुना लावला नाही, की तुटलेलं कौल बदललं नाही. उद्या पाडायचंच आहे म्हणून सगळं घर गेली सात वर्षं थांबून राहिलं होतं.

बकुळाने तरी दोन दिवस एकच रॉड लावून बघितला. फ्यूज उडाला नाही, पण तिसऱ्या पहाटे भगवान म्हणाला, “बकुळे, ते बंद कर. घसा सुकतो. कोंडल्यासारखं होतंय.” ती उठली आणि हीटरची पिन काढली. खोका कपाटावर गेला. ती टोपीवाली बाई तिथून खाली बघत हसत राहिली, म्हणून बकुळाने तिचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

नंतर तिने आपल्या हातातलं काम काढलं. पाच नंबरच्या ओळखीच्या कारखान्यातून जीन्सची कातरण गोणीभर आणली. जाड कापड, निळं, काळं, करडं. मागच्या खोलीत मशीन मांडून ती आठ दिवस बसली. पत्र्याखाली बांधायचं आडवं छतच शिवायचं होतं तिला, गोधडीसारखं, तीन पदरी. सुई दोनदा मोडली. बोटांची पेरं गारठून वळत नव्हती, मधूनमधून ती चहाच्या कपाला हात लावून बसायची. भगवान कॉटवरून बघायचा.

“आयुष्यभर लोकांच्या पँटी शिवल्यास,” तो म्हणाला, “आता घराला घालतेस होय?”

तिला हसू आलं. त्या आठ दिवसांत ती तेवढी एकदाच हसली.

छत बांधायला शेजारचा रिक्षावाला उन्मेष स्टूल घेऊन आला. चार कोपरे, मध्ये दोन दोऱ्या. खोली एकदम बुटकी झाली, आवाज मऊ झाला. आणि खरोखरच फरक पडला. पहिल्या पहाटे भगवान साडेपाचपर्यंत झोपला. बकुळा मात्र चारलाच जागी झाली, सवयीने, आणि अंधारात नुसती ऐकत पडून राहिली. शिट्टी नव्हती. सकाळी तिने मैत्रेयीला स्वतःहून फोन केला.

“आई, भारीच केलंस की!” मैत्रेयी म्हणाली. “फोटो पाठव.”

फोटो पाठवला. आठवडा बरा गेला. नवव्या दिवशी तिच्या कपाळावर थेंब पडला.

रात्री खोलीतली वाफ वर जायची आणि गार पत्र्याला लागून पाणी व्हायची. ते सगळं पाणी जीन्सच्या तीन पदरांनी पिऊन घेतलं होतं. गोधडी मधोमध फुगून खाली आली होती, म्हशीच्या पोटासारखी. हात लावला तर ओलीचिंब. आणि वास! पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा, पण दसपट. भगवान त्या वासानेच खोकत होता आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तोंडावर पंचा धरत होता. बकुळाने स्टुलावर चढून एकेक दोरी कापली. आठ दिवसांचं काम अंगावर पडलं, ओलं, जड. ते मागच्या दारात ओढून नेताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं.

“मी म्हटलंच होतं,” राजेंद्र म्हणाला. त्याने काहीही म्हटलेलं नव्हतं.

मग तिने रघू मिस्त्रीला बोलावलं. रघू साठीचा, बदलापूरला नदीकाठच्या मांजर्लीचा. नदीचं पाणी घरात शिरून भिंती कशा सडतात ते त्याने दर दोन-चार पावसाळ्यांनी बघितलेलं होतं. त्याने खोलीत आल्यावर पत्र्याकडे बघितलंच नाही. चपला काढल्या आणि अनवाणी पावलांनी भिंतीकडेने चालत गेला. उजवीकडच्या भिंतीशी थांबला, कपाट हात दीड हात पुढे ओढलं आणि तळवा भिंतीला लावून डॉक्टरासारखा उभा राहिला.

“वहिनी, हात लावा इथे.”

बकुळाने हात लावला. फरशी धुतल्यावर ओली राहते तसं लागलं. नखाने ओरखडा काढला तर प्लास्टर पिठासारखं गळालं.

“तुम्ही वरून झाकत बसलात,” रघू म्हणाला. “ही भिंतच पाणी पितीय. ओली भिंत म्हणजे माठ. माठाच्या पोटात माणूस झोपवलाय तुम्ही. किती बी शेकोट्या करा, गारच राहणार.”

“ही जुनी ओल आहे, पावसाळ्याची,” ती म्हणाली. इतकी वर्षं तिने तसंच धरलं होतं.

“जानेवारीत पावसाळ्याची? नाय. पलीकडे काय आहे?”

पलीकडे राजेंद्रचं बाथरूम होतं. लग्नानंतर त्याने नवीन बांधून घेतलं होतं, दोन भिंतींमध्ये वीतभर सांद ठेवून, आणि त्याच्या डोक्यावर पाण्याची टाकी. रघू मोरीच्या कठड्यावरून पत्र्यावर चढला आणि सांदीत बॅटरी मारली. वरूनच ओरडला, “वहिनी, हितं शेवाळ आहे, गुडघाभर! टाकीचं पाणी सांदीत पडतंय. रोज पडतंय!”

म्हणजे पहाटे नळ आला की टाकी भरायची, आणि भरून वाहायची. सगळं पाणी त्या सांदीत. भिंतीला ओल धरली तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं. बकुळा खाली उभी राहून वर बघत होती आणि तिच्या मनात एकेक पहाट उलटी मोजली जात होती.

ती सरळ राजेंद्रकडे गेली. रघूला टाकी बघायची होती, पण तिकडे जायचा जिना राजेंद्रच्या घरातून.

“टाकी गेलीय वहिनी, मला माहितीय,” राजेंद्र म्हणाला. “तडकलीय. ती काढायची म्हणजे सगळी लाइन काढायची, बाथरूम फोडायचं. आता कोण फोडणार? एग्रीमेंट...”

“भावजी, तुमच्या टाकीचं पाणी तुमच्या दादाच्या उशाशी झिरपतंय.”

“असं काही नसतं. जुनी घरं, थोडी ओल असतेच. आणि थंडी काय, सगळीकडेच आहे. आमच्या हॉलमध्येपण गार पडतंच की.”

दुसऱ्या दिवशी बकुळाने भिंतीवर लावायचं थर्मामीटर आणलं. सकाळी सहाला ते राजेंद्रच्या हॉलमध्ये नेऊन टांगलं. राजेंद्रची बायको भावना चहा घेत होती, ती कप हातात धरून बघत राहिली. अर्ध्या तासाने बकुळाने राजेंद्रला हाक मारून काटा दाखवला. एकवीस. मग तेच यंत्र, त्याच्या देखत, आपल्या मागच्या खोलीत नेऊन टांगलं आणि त्याला अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवलं. भगवान कॉटवरून ओशाळल्यासारखा म्हणत होता, “अगं, त्याला ऑफिसला उशीर होतोय. असू दे.” काटा पंधरावर आला.

राजेंद्रने वाकून बघितलं, टिचकी मारून बघितली. “चायनाचा माल असेल,” तो म्हणाला. “काटा खराब आहे.”

आणि ऑफिसला गेला.

बकुळा त्या खुर्चीवर बसली. तिला राजेंद्रचा राग आलाच, पण त्याहून जास्त आला कॉटवर बसलेल्या माणसाचा. “एक शब्द,” ती भगवानला म्हणाली. “थोरले भाऊ ना तुम्ही? अंगाखांद्यावर वाढवलंत त्याला. त्याच्या कॉलेजची फी तुम्ही ओव्हरटाइम करून भरलीत. एक शब्द टाकलात तर काय जीभ झडेल?”

भगवान पांघरुणाची कड बोटात गुंडाळत राहिला. “त्याला मनातून समजत असेल,” तो म्हणाला. “बोलून दाखवलं की माणूस अडून बसतो. घरात वितुष्ट नको गं.”

“घरात ओल चालेल.”

भगवानने पांघरूण छातीवर ओढून घेतलं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गारठा वाढला आणि एका सकाळी पंपाने भागेना. ओठ निळे पडले. बकुळाने उन्मेषच्या रिक्षातून भगवानला दवाखान्यात नेलं. तीन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी एक्सरे दिव्यासमोर धरला आणि घराबद्दल विचारलं. बकुळाने भिंतीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, “त्या खोलीत त्यांना परत झोपवू नका. एवढं तर तुमच्या हातात आहे ना?”

संध्याकाळी राजेंद्र मोसंबी घेऊन आला. भावाच्या पायाशी बसला, पाय चेपले. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटे नव्हते, हे बकुळालाही दिसत होतं. “दादा, फक्त हा हिवाळा काढ,” तो म्हणाला. “नव्या बिल्डिंगमध्ये तुला असं काही होणार नाही.” बकुळा मोसंबी सोलत होती. सालीचा तुकडा तिच्या नखात गेला.

मैत्रेयी पुण्याहून आली होती. म्हणाली, “आई, बाबांना माझ्याकडे नेते.” भगवानने मान हलवली. जावयाच्या दोन खोल्या, नातवाच्या परीक्षा, आणि तिथे हाक मारली तर ओ देणारं ओळखीचं कोण? मैत्रेयी चिडली, रडली, आणि सुट्टी संपली म्हणून परत गेली.

घरी आणायच्या आदल्या दिवशी बकुळा रिकाम्या घरात उभी राहिली. पुढच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं होतं आणि थेट ओट्याच्या कडप्प्यावर पडलं होतं. तिथे पिठाचा डबा शेकत होता. ती बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिली. पूर्वी दोन-तीनदा तिने म्हटलं होतं, पुढे झोपा. पण फोडणीच्या धुराने भगवानला ठसका लागायचा, आणि दार गल्लीत उघडणारं. येणारा-जाणारा वाकून बघणार, विचारणार. आजाराचं प्रदर्शन नको, म्हणून तो मागेच राहिला होता.

तिने रघूला फोन केला. “भिंत राहू दे. मला चूल हलवायचीय.”

“कुठे?”

“मागे.”

“ओल्या भिंतीशी? आणि तुम्ही तिथे उभ्या राहणार?”

“मला दमा नाही.”

एका दिवसात झालं. शेगडी, सिलेंडर, भांड्यांची मांडणी मागे. शेगडीखाली मशीनचंच टेबल. कॉट पुढे, खिडकीखाली. ओटा जिथल्या तिथे राहिला. त्याच्यावर तिने औषधं, वाफेचं मशीन आणि पाण्याचा तांब्या मांडला. दाराच्या अर्ध्यात जाड जीन्सचा पडदा शिवून लावला, गल्लीतल्या लोकांनी वाकून बघू नये म्हणून. कातरण उरलीच होती. बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची मूर्ती आधीपासून त्याच खोलीत होती. भगवान घरी आला, कॉटवर टेकला, ऊन पायांवर पडलं तसं त्याने पाय हळूच लांब केले.

“स्वयंपाकघर कुठे गेलं?” त्याने विचारलं.

“गेलं फिरायला,” बकुळा म्हणाली.

त्या खोलीत काटा वीसच्या खाली गेला नाही. भगवान पाच-पाच तास सलग झोपायला लागला. सगळे म्हणाले, बघ, किती सोपं होतं, आधीच करायचं. आणि बकुळा मागे उभी राहून स्वयंपाक करायची, अंगावर शाल, पायात मोजे आणि स्लिपर. पाणी मोरीतून आणायचं. भाकरी थापताना पीठ गार, परात गार, भिंतीचा गारठा डाव्या खांद्यातून आत शिरायचा. तेल थिजून बाटलीतून निघायचं नाही. तिचा खांदा धरला. रोज सकाळी पहिली भाकरी तव्यावर टाकताना ती मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करायची. राजेंद्र, बिल्डर, बारा मजली बिल्डिंग, आणि शेवटी तो पुढे उन्हात बसलेला शांत माणूस.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भावना विरजण मागायला मागच्या दाराने आली. एरवी ती हॉलपर्यंतच असायची, वहिनी-दिरांच्या वादात पडायची नाही. बकुळा एका हाताने खांदा दाबत दुसऱ्या हाताने भाकरी परतत होती. भावनाने वाटी खाली ठेवली.

“ताई, तुम्ही इथे करता रोज?”

“मग कुठे करू?”

भावनाने भिंतीला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. विरजण घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी राजेंद्र ऑफिसला गेल्यावर डोक्यावर ठाकठूक ऐकू आली. बकुळा बाहेर आली. टाकीपाशी एक प्लंबर बसला होता आणि भावना जिन्यावर पदर खोचून उभी होती. बकुळाही राजेंद्रच्या जिन्याने वर गेली. आयुष्यात पहिल्यांदाच.

प्लंबरने झाकण उघडलं, हात घातला आणि आतून तुटलेला प्लास्टिकचा गोळा बाहेर काढला. नळ बंद करणारा तो बॉल. “एवढंच आहे,” तो म्हणाला. “टाकी एकदम ओके. बॉल तुटलाय, म्हणून पाणी थांबत नाही.” पिशवीतून नवा बॉल काढला, पान्याने दोन वेळा आवळला, पाणी सोडून बघितलं. पाणी वर आलं आणि गप्प थांबलं. सगळं मिळून अर्धा तास. मधे त्याने चहाही घेतला.

“झालं, ताई,” भावना हसून म्हणाली. तिला वाटलं, बकुळा खूश होईल.

बकुळाने तो तुटका गोळा हातात घेतला. फुटलेल्या संत्र्याएवढा. टाकी तडकलेली नव्हती. बाथरूम फोडायचं नव्हतं, लाइन काढायची नव्हती. कोणी वर चढून झाकण उघडून बघितलंच नव्हतं. तिथे, टाकीपाशीच ती ओरडली, “अर्धा तास? चार वर्षं, आणि अर्धा तास?” प्लंबर बिचारा पाना घेऊन उभा राहिला, त्याला वाटलं आपण जास्त वेळ लावला. भावनाचा चेहरा उतरला. बकुळाला ते कळत होतं. ही एकच बाई आपल्यासाठी काही करायला उठली आणि ओरडा तिलाच बसला. पण आवाज आवरेना. खाली येऊन ती मागच्या खोलीत दार लावून बसली. तासाभराने बाहेर आली, डब्यात भाकरी आणि ठेचा घालून भावनाकडे दिला. “तुझ्यावर नव्हता राग,” एवढंच म्हणाली.

“माहितीय, ताई,” भावना म्हणाली. “मलाही चार वर्षं सुचलं नाही. तेही खरंच आहे.”

संध्याकाळी राजेंद्र आला. भावनाने त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो पडदा बाजूला करून भगवानच्या कॉटशी उभा राहिला. “मला खरंच वाटलं, दादा, टाकी गेलीय. म्हटलं एग्रीमेंट झाल्यावर...”

भगवानने त्याच्याकडे बघितलं. मागच्या खोलीच्या दाराआड बकुळा कान देऊन उभी होती.

“राजा,” भगवान म्हणाला, “झाकण तरी उघडून बघायचं होतंस.”

आवाज चढला नाही, की शब्द वाढला नाही. तेवढं बोलून त्याला धाप लागली आणि तो उशीला टेकला. राजेंद्रने मान खाली घातली. मग गेला.

बकुळाला वाटलं होतं, असा एखादा शब्द भगवानच्या तोंडून निघाला की आपली छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. तिला उलट वाटलं, हेच वाक्य चार वर्षांपूर्वी बोलायला काय झालं होतं. ती पाणी घेऊन पुढे आली, तांब्या त्याच्या हाती देताना थोडा जोरातच दिला.

“आता काय झालं?” भगवानने विचारलं.

“काही नाही. प्या.”

मार्चमध्ये रघूने भिंतीचं सडलेलं प्लास्टर छातीएवढ्या उंचीपर्यंत खरवडून काढलं. आतल्या विटा दिसल्या, काळपट, ओल्या. त्या पूर्ण वाळायला सगळा उन्हाळा जाईल, तोपर्यंत वर काही लावायचं नाही, असं तो बजावून गेला. बकुळा रोज दुपारी मागचं दार सताड उघडं टाकून, पंखा भिंतीकडे तोंड करून लावायची आणि उरलेली भुकटी झाडूने भरायची. राजेंद्र एका रविवारी न बोलता फावडं घेऊन आला, दोन घमेली माती त्याने बाहेर नेऊन टाकली. तिसऱ्या घमेल्याला म्हणाला, “वहिनी, बिल्डरकडून फोन होता. जूनपर्यंत नक्की...”

“घमेलं उचला, भावजी,” बकुळा म्हणाली.